पहिली मूठ

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आमच्या गावात कोणी कोणाशी भांडत नाही. गाव फार सज्जन आहे असं समजू नका. बांधावरून, पाण्यावरून, कोणाच्या कोंबडीने कोणाचं वाळवण विस्कटलं यावरून भांडायला आमच्याकडे वर्षाचे बाकीचे महिने मोकळे असतात आणि ते कोणी वाया घालवत नाही. पण राबात, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यात, भाताची रोपं वीतभर झाली की सगळ्यांची तोंडं गोड होतात. ज्यांनी उन्हाळ्यात एकमेकींच्या सात पिढ्यांची उणीदुणी काढलेली असतात त्या बायका "ये गो, चाय घे" म्हणत दारात उभ्या राहतात.

कारण साधं आहे. राबातून उपटलेली रोपं दुसऱ्या दिवशी चिखलात लावायची म्हणजे दहा-बारा बायका लागतात. एवढ्या बायका कोणाच्याच घरात नसतात. म्हणून सावड करायची. आज सगळ्या माझ्या शेतात, उद्या सगळ्या तुझ्या, परवा तिसरीच्या. ज्या घराशी भांडण, त्या घराचे हात कमी. हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही कळतं. मी बारावीपर्यंत शिकलेली, तरी ऐन आवणीत भांडले, आणि तेही माझ्या शेताची पाळी दुसऱ्या दिवशी असताना.

मी मूळची मुरबाडकडची. डोळखांबच्या रस्त्याला आत असलेल्या या गावात मी लग्न होऊन आले, ती माझ्या मैत्रिणीमुळे. ती आणि मी एकाच गावच्या, एकाच बाकावरच्या. शाळेत एक दांडगी मुलगी होती. ती माझ्या मैत्रिणीच्या वेण्या मागून ओढायची आणि ही रडायची. मग मी उठायचे. मी उठले की मैत्रीण घाईघाईने म्हणायची, "तू मार, मी दप्तर धरते." आणि खरंच, दोन्ही दप्तरं छातीशी धरून ती बाजूला उभी राहायची. मी मारायचे, मारही खायचे, आणि घरी जाताना आम्ही दोघी हसायचो. आमची वाटणीच ठरलेली होती.

तिचं लग्न माझ्या आधी झालं. दोन वर्षांनी तिनेच माझ्यासाठी तिच्या सासरच्या गावातलं स्थळ आणलं. माझ्या आईला पटवलं, वडिलांना पटवलं, आणि मला म्हणाली, "तू ये गो. आपण दोघी असलो की मला काय भ्या नाय." मुलगा आसनगावहून लोकलने कल्याणला कामाला जाणारा, घरी भाताची चार खाचरं आणि एकटे सासरे. मी मुलगा नीट पाहिलाही नव्हता. ती तिथे आहे एवढं मला पुरेसं होतं.

भ्यायचं कोणाला, ते आल्यावर कळलं. आमच्या आळीत एक काकी आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने आडव्या, आवाज बांधाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. यजमान भातसानगरला धरणावर नोकरीला होते, त्यामुळे घराला मान. सावडीत कोणाची पाळी कधी, ते काकी ठरवतात. कोणी ठरवून दिलेलं नाही, पण चिखलणीला, म्हणजे खाचरात चिखल करायला, पॉवर टिलर घेऊन येणारा माणूस त्यांच्या नात्यातला आहे, आणि तो काकींना विचारल्याशिवाय कोणाच्या शेतात उतरत नाही. जी त्यांना आवडत नाही तिची पाळी शेवटी. तोवर तिच्या राबातली रोपं म्हातारी होतात, मग ती लावली तरी फुटवा धरत नाहीत.

काकी मारत नाहीत, शिव्याही देत नाहीत. त्या हसवतात. चिखलात बारा बायका ओळीने वाकून रोपं लावत असतात, पाठी मोडलेल्या असतात, आणि काकी एकीला निवडतात. तिची ओळ वाकडी, तिचा नवरा वाकडा, तिच्या माहेरची भाकरी वाकडी. बाकीच्या अकरा जणी हसतात. आज आपली पाळी नाही म्हणून जरा जास्तच हसतात. मीही हसले आहे. पहिल्या वर्षी माझ्या मुरबाडी बोलण्यावर हसल्या, तेव्हा मी ओठ चावले. दुसऱ्या वर्षी दुसरीवर हसल्या, तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

माझ्या मैत्रिणीला काकींनी निवडलं ते कायमचं. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि तिला मूल नव्हतं. दवाखाने झाले, देव झाले. घरी सासू बोलायची ती बोलायचीच. बाहेर काकी होत्या.

आमच्याकडे आवणी सुरू करताना शेताला नारळ देतात, हळद-कुंकू वाहतात, आणि मग घरची बाई रोपांची पहिली मूठ कोपऱ्यात लावते. ती लावली की बाकीच्या चिखलात उतरतात. मूठ म्हणजे उपटून बांधलेली रोपांची जुडी. घरच्या बाईनेच ती लावायची, मग ती कालची आलेली सून असो की म्हातारी सासू. त्यात एवढं काही नाही, दोन मिनिटांचं काम. पण वर्षभर ज्या शेतात राबायचं, ते शेत त्या दोन मिनिटांत आपलं होतं, असं मला दर वर्षी वाटतं.

तर मैत्रिणीच्या शेतात आवणी होती. पाऊस बारीक लागलेला, आम्ही सगळ्या डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन बांधावर उभ्या. तिच्या सासूचे गुडघे गेलेले, म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच मूठ मैत्रीण लावणार होती. तिने नवी साडी नेसली होती. चिखलात उतरायला कोणी नवी साडी नेसतं का, म्हणून मी तिला सकाळीच चिडवलं होतं. ती नारळ फोडून खाचरात उतरली, मूठ हातात घेतली, आणि काकी बांधावरून म्हणाल्या, "थांब गो. तू नको."

ती थांबली.

"तुझ्या हाताची नको. शेत रिकामं राहायचं." असं म्हणत काकी खाली उतरल्या आणि तिच्या हातातली मूठ त्यांनी काढून घेतली. ओढून नाही, अगदी हळू, लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी. मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती मूठ माझ्यापुढे धरली. "तू लाव. तुझी पोर चार वर्षांची झाली. लेकुरवाळीचा हात लागू दे."

कोणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मी काय करणार होते? मूठ घेतली. पदर खोचला, वाकले आणि कोपऱ्यात लावली. मग बाकीच्या उतरल्या आणि दिवस नेहमीसारखा गेला.

दुपारी भाकरी खायच्या वेळी मैत्रीण दिसेना, म्हणून मी ओहोळाकडे गेले. ती पाण्यात पाय सोडून बसली होती. रडत नव्हती. नव्या साडीचा काठ दगडावर घासून त्यावरचा चिखल काढत होती. मी शेजारी बसले. काकींना जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. ती काठ घासत राहिली. शेवटी मी म्हणाले, "पुढच्या वर्षी असं केलं ना, तर मी गप्प नाय बसणार."

"बोलशील?" ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

त्यानंतर वर्षभर आमचं हेच चाललं होतं. दिवाळीत माहेरी जाताना, शहापूरच्या बाजारात, संध्याकाळी हातपंपावर. काकींना कसं गप्प करायचं याचे बेत. मी ठरवायचे, ती ऐकायची. बोलायचं ते सगळ्यांसमोर, कारण काकींची ताकद बाकीच्यांच्या हसण्यात आहे. रडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. आणि आपल्यातलं कोणी मागे हटायचं नाही. हे शेवटचं मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. मी तिला ओळखून होते. ती म्हणाली, "तू बोल. मी तुझ्या मागं उभी राहते." मला शाळेतली दप्तरं आठवली आणि मी हसले.

पुढच्या वर्षी काकींनी पाळ्या लावल्या. मैत्रिणीचं शेत आधी, दुसऱ्या दिवशी माझं. माझ्या नवऱ्याला मी बेत सांगितला होता. बूट घालता घालता हे म्हणाले, "एक दिवस थांबता येणार नाय का तुला? आपलं शेत होऊ दे, मग कर काय करायचं ते." मी म्हणाले, काकी काय माझ्या सोयीने मूठ काढून घेणार आहेत का? यांची फास्ट लोकल सुटायची वेळ झाली होती. यांनी डबा उचलला आणि गेले.

त्या सकाळी सासरे आमच्या राबात मुठी उपटायला गेले आणि मी मैत्रिणीच्या शेतावर. सगळं मागच्या वर्षीसारखंच. खोळी, नारळ, हळद-कुंकू. साडी मात्र जुनी होती. मैत्रीण मूठ घेऊन खाचरात उतरली आणि काकी उतरल्या. त्या काही बोलल्याही नाहीत. एकदा केलं की रीत होते, तसा त्यांनी नुसता हात पुढे केला आणि मैत्रिणीने मूठ देऊन टाकली. काकींनी ती माझ्यापुढे धरली.

मी मूठ घेतली आणि मैत्रिणीच्या हातात परत दिली. म्हणाले, "काकी, शेत तिचं हाय. मूठ ती लावणार."

माझा आवाज चढला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. काकी माझ्याकडे बघत राहिल्या. बांधावर कोणाची तरी खोळ वाऱ्याने फडफडत होती. मग मी जे वर्षभर घोकलं होतं ते सगळं बोलले. की मूल होणं न होणं कोणाच्या हातात नसतं. की भात रोपाने येतं, कोणाच्या पोटावर बघून येत नाही. की तुमी मोठ्या आहात म्हणून आमी ऐकतो, पण दर वर्षी एकीला धरून रडवायचं हे बरं नाय. बोलताना मला आतून फार बरं वाटत होतं. दोघी-तिघी माना हलवत होत्या, हेही मी पाहिलं.

काकी हुशार बाई. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या मैत्रिणीकडे वळल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "काय गो, मी तुला रडवते? तुला माझा राग हाय? सांग ना, आज सगळ्या हायेत. मी चुकले असेन तर तुझ्या पाया पडते."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. आता ती बोलेल. एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. "हो काकी, मला वाईट वाटलं," एवढंच. आम्ही ते वाक्य हातपंपावर दहादा म्हणून पाहिलं होतं.

ती म्हणाली, "नाय काकी. मी हिला काय पण नाय बोलले. ही लहानपणापासून अशीच हाय. हिला भांडायला कारण लागतं."

आणि तिने ती मूठ स्वतःच्या हाताने काकींच्या हातात दिली.

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. काकींनी मूठ दुसऱ्या एकीला दिली, तिने लावली, आणि सगळ्या कामाला लागल्या. मीही लागले. निघून जाता आलं नाही. सावडीतून दिवस मोडून जाणं आमच्याकडे मयताला न जाण्यासारखं मानतात. दिवसभर मी वाकून रोपं लावत होते, माझ्या डाव्या हाताला दोन बायका सोडून ती होती. दिवसभर तिने मान वर केली नाही. मला तिच्या पाठीचा चिखल दिसत होता, आणि मनात एकच चाललं होतं: भांडायला कारण लागतं? मला? दप्तरं कोण धरत होतं मग?

संध्याकाळी सासऱ्यांनी सांगितलं की मुठी काढून झाल्या, ओहोळाच्या पाण्यात ठेवल्यात, टिलरवाला सकाळी लवकर येतो म्हणाला. मी त्यांना काही सांगितलं नाही. मला वाटलं, काकी दोन-चार टोमणे मारतील, आपण ऐकून घेऊ. आजचं आज झालं.

सकाळी टिलरवाला आला नाही. आठ वाजता सासऱ्यांनी शेजारच्या आळीतून बैल आणले आणि नांगर धरला. सत्तरीतला माणूस. मी चहाचं पातेलं, नारळ, बारा जणींपुरत्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, सगळं घेऊन बांधावर उभी. वाटेवर बायका दिसल्या. खोळी घेतलेली ओळ, पुढे काकी. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! मी हात वर केला.

ओळ आमच्या बांधाकडे वळली नाही. सरळ पुढे, ओहोळापलीकडच्या शेताकडे निघाली. काकी जाता जाता सासऱ्यांना हाक मारून म्हणाल्या, "आज तिकडं जातो, बाबा. तुमची सून शहाणी हाय, तिला कोणाची गरज नाय." ओळीत ती तिसरी होती. मी तिला हाक मारली. तिच्या माहेरच्या नावाने, जे या गावात माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, त्या नावाने. तिने खोळ डोक्यावर पुढे ओढली आणि गेली.

सासऱ्यांनी नांगर थांबवला. "काय केलंस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "खरं बोललीस तू. पण दिवाळीनंतर बोलायचं." आणि बैलांना हाकललं.

आसपासच्या पाड्यांवरच्या बायका आधीच दुसरीकडे बांधलेल्या होत्या. आवणीत ऐनवेळी कोणी मिळत नाही. यांनी दोन दिवस रजा टाकली. आम्ही तिघं आणि आता पाच वर्षांची झालेली पोर, ती मुठी टाकायला. एक खाचर पहिल्या दिवशी झालं, दुसरं दुसऱ्या दिवशी, तिसरं कसंबसं चौथ्या. तोवर उपटलेल्या मुठी पिवळ्या पडल्या होत्या, चिखल बसून घट्ट झाला होता, रोप खोचताना बोटाची नखं उलटत होती. चौथं खाचर राहिलं ते राहिलंच. त्या वर्षी तिथे देवधान, म्हणजे रानटी भात, आणि गवत माजलं. वाटेवरचं खाचर, जाणारा येणारा बघून जायचा.

मला काकींचा राग आला नाही, हे लोकांना खरं वाटत नाही. काकी काकींसारख्या वागल्या. साप चावला तर सापावर रुसून काय करायचं? माझं सगळं जळत होतं ते तिच्यावर. जिच्यासाठी मी या गावात आले, जिच्यासाठी तोंड उघडलं, तिने मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या शेतासमोरून चालत गेली. मी वर्षभर हे सांगत फिरले. गिरणीत सांगितलं, हातपंपावर सांगितलं, माहेरी फोन करून सांगितलं. लोक च्यक् च्यक् करायचे. मला ते च्यक् च्यक् आवडायचं, अजून हवं असायचं.

तिचा एक स्टीलचा डबा माझ्याकडे राहिला होता, आदल्या दिवाळीत करंज्या घालून पाठवलेला. तो मी पोरीच्या हाती परत पाठवला. रिकामा. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, मूठभर साखर, तांदूळ, काही नसेल तर दोन मिरच्या तरी घालतात. मी तो घासून पुसून, आतून कोरडा करून, मुद्दाम रिकामा पाठवला. पोरगी परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? पोरगी म्हणाली, "उघडून बघितला नी ठेवला." तेव्हा मला बरं वाटलं. आता वाटत नाही.

पुढच्या वर्षी मी आवणी केलीच नाही. शहापूरला शेती खात्याच्या लोकांकडून माहिती घेऊन गादीवाफ्यांवर टोकण केली. जमिनीत भोकं पाडून थेट दाणे टाकायचे. राब नको, चिखलणी नको, सावड नको. सासरे पहिले पंधरा दिवस माझ्याकडे बघतही नव्हते, मग रोज सकाळी मुद्दाम चक्कर मारायला लागले. भात चांगलं आलं. गावात आधी हसले, मग दोघं-तिघं विचारायला आले. काकीही आल्या. बांधावर टेकून, जणू काही झालंच नव्हतं अशा, म्हणाल्या, "आमाला पण शिकव गो. आता कंबर चालत नाय." आणि मी शिकवलं. त्यांना आठवतही नव्हतं बहुतेक. छळणाऱ्याला हिशेब ठेवावा लागत नाही.

मला वाटलं, जिंकले. दांडग्या माणसाशी कसं वागायचं हे मला समजलंय असं मी मानायला लागले: त्याच्यावाचून अडणार नाही अशी सोय करायची, आणि मग बोलायचं. पोरीला शाळेत कोणी त्रास दिला तर हेच सांगायचं, असंही ठरवून ठेवलं होतं.

यंदा उन्हाळ्यात आमच्या माहेरच्या गावी एक म्हातारी गेली, आम्हा दोघींनाही जवळची. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत चढले, तर एकच जागा रिकामी, आणि खिडकीत ती. उतरावंसं वाटलं, पण पुढची गाडी दोन तासांनी. बसले. किन्हवली येईपर्यंत आम्ही समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होतो.

मग तीच म्हणाली, "मी फसवलं असं तू सगळ्यांना सांगितलंस."

"खोटं हाय?"

"नाय. खोटं नाय." ती खिडकीबाहेर बघत होती. "काकींनी विचारलं नी माझ्या तोंडाला कोरड पडली. घरी जाऊन सासूला तोंड मला द्यायचं होतं, तुला नाय. दुसऱ्या दिवशी तुझी हाक पण ऐकली. ते माझ्या मनातून जाणार नाय."

एवढं ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते. वाटलं होतं, तिने असं म्हटलं की माझं मन निवेल. तसं काही झालं नाही, पण आता माझी बाजू खरी ठरली एवढं समाधान होतं. मी पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि तिच्यापुढे केली. मोठेपणाने केली, खरं सांगते.

तिने बाटली घेतली नाही. म्हणाली, "एक विचारू? पहिल्या वर्षी काकींनी मूठ माझ्या हातातून काढली. मग दिली कोणाला?"

"मला."

"मी तुझ्याकडं बघत होते. मला वाटलं, ही शाळेसारखी उठंल आता. काय बोलली नसतीस तरी चाललं असतं. नुसती घेतली नसतीस तरी." ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. "तू पदर खोचलास नी वाकलीस. एक पण रोप वाकडं नाय लावलंस."

सगळ्या बघत होत्या, मी काय करणार, हे माझं जुनं वाक्य जिभेवर होतं. तिचंही तेच होतं. तिने ते आत्ताच मला सांगितलं होतं.

मुरबाडच्या स्टँडवर ती माझ्या आधी उतरली. मी कंडक्टर ओरडेपर्यंत तशीच बसून होते. पुढच्या वर्षी मी बोलले ते शहाणपणाचं, घोकलेलं, सगळ्यांनी ऐकावं असं भाषण होतं, आणि त्याला एक वर्ष उशीर झाला होता. ज्या दिवशी बोलायचं होतं त्या दिवशी बोलायचीही गरज नव्हती. पुढे आलेल्या मुठीला हात लावायचा नव्हता, एवढंच होतं. मी लावला होता. कोणी माझा हात धरून ओढला नव्हता.